फ्रीमेसन लॉजचें दार : मुंबईच्या ‘रायझिंग स्टार’ची हकीकत

आमच्या मरोळच्या विद्यार्थ्यांना घडीव दगडाची ओळख निराळी करून द्यावयास नको. कोंडिविट्याच्या टेकडींत, ज्यांस आपण महाकालीचीं लेणीं म्हणतों, तीं एकोणीस लेणीं पाथरवटांनीं शतकानुशतकें खपून कोरलीं. त्यांतील जुनीं तर सुमारें दोन हजार वर्षांचीं आहेत. तेथून जवळच, आतां सीप्झच्या कुंपणाच्या आंत पडलेल्या, संत योहानाच्या जुन्या ख्रिस्ती देवळाच्या भिंती उभ्या आहेत. सन १५७९ मध्यें तें देऊळ उभें राहिलें; १८४० च्या सुमारास सांथीच्या भयानें लोक तेथून निघाले व देवळाचा संसार मरोळास आला, हें पुष्कळांनीं घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलें असेल. लेण्यांत एका दात्याचें नांव कोरलेलें आहे, देवळाच्या पाद्रींचीं नांवें कागदोपत्रीं आहेत. छिन्नी ज्यांनीं धरली त्यांचीं नांवें मात्र कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.

युरोपांतील थोर थोर ख्रिस्तमंदिरें बांधणारे गवंडीही बहुतेक असेच निनांवी होते. एकेका मंदिराचें काम पन्नास पन्नास, शंभर शंभर वर्षें चाले. बांधकामाच्या लगत गवंड्यांसाठीं एक पडवी किंवा झोंपडी उभारीत. तींत हत्यारें ठेवावीं, पावसांत दगड घडवावे, दुपारीं भाकरी खावी आणि उमेदवारांना कसब शिकवावें. या झोंपडीस इंग्रजींत ‘लॉज’ म्हणत. परगांवाहून आलेला मनुष्य खराच शिकलेला कारागीर आहे कीं नुसताच बोलघेवडा, हें ओळखण्यासाठीं त्यांच्या कांहीं खुणा व शब्द ठरलेले असत. पुढें मोठीं मंदिरें बांधण्याचा काळ मागें पडला. ब्रिटनमधील लॉजांत खरे गवंडी कमी होत गेले आणि जमीनदार, वैद्य, धर्मोपदेशक असे हातांत कधीं थापी न धरलेले गृहस्थ शिरूं लागले. सन १७१७ मध्यें लंडनच्या चार लॉजांनीं एकत्र येऊन ‘ग्रँड लॉज’ स्थापिलें, असें परंपरेनें सांगतात; अलीकडील कांहीं संशोधक ही गोष्ट १७२१ मधील समजतात. १७२३ मध्यें जेम्स अँडर्सन या स्कॉटिश धर्मोपदेशकानें त्यांच्या नियमांचें पुस्तक छापून काढलें, त्याविषयीं मात्र वाद नाहीं. ज्यास आज फ्रीमेसन म्हणतात तो संघ हाच.

या नव्या गवंड्यांनीं दगडाचें काम टाकलें, पण हत्यारें टाकलीं नाहींत. गुण्या म्हणजे सरळ वर्तन, ओळंबा म्हणजे ताठ चारित्र्य, पाणसळ म्हणजे सर्व मनुष्यांची समता, कंपास म्हणजे वासनांना घातलेली मर्यादा, असा प्रत्येक हत्याराचा अर्थ त्यांनीं बसविला. खडबडीत चिरा म्हणजे संस्कारहीन मनुष्य व घडीव चिरा म्हणजे सुधारलेला मनुष्य. सभासदाच्या तीन पायऱ्या असतात : उमेदवार, कारागीर आणि उस्ताद. ईश्वराला ते ‘विश्वाचा महान् स्थपति’ म्हणतात, आणि ईश्वर मानीत नाहीं त्यास आंत घेत नाहींत. तो ईश्वर कोणत्या धर्माच्या रीतीनें भजावा, हें मात्र ज्याचें त्याच्यावर सोंपविलेलें आहे. लॉजच्या बैठकींत धर्म व राजकारण यांवर वाद करण्यास बंदी असते. सभासद एकमेकांस ‘ब्रदर’ म्हणजे भाऊ म्हणतात, मग बाहेर एक सरदार असो व दुसरा कारकून असो.

हें सर्व बंद दाराआड चालत असल्यामुळें लोकांच्या मनांत संशय येणें साहजिक होतें. इराणांत लॉजला ‘फरामुशखाना’, म्हणजे विसरण्याचें घर, असें नांव पडलें. कारण बाहेर आलेल्यास आंत काय झालें म्हणून विचारावें तर तो म्हणे, विसरलों! उत्तर हिंदुस्थानांत लोक त्यास ‘जादूघर’ म्हणत. वस्तुतः सॅम्युएल प्रिचर्ड नांवाच्या इंग्रजानें १७३० मध्येंच त्यांचे विधि व खुणा पुस्तकांत छापून टाकल्या होत्या. चवल दोन चवल खर्चून जें गुपित विकत मिळतें, त्याच्या मागें आपण वेळ घालवूं नये हें बरें. लॉजचा इतिहास वाचतांना खरी पाहण्याजोगी वस्तु म्हणजे त्याचें दार. सर्व मनुष्यें भाऊ आहेत असें म्हणणाऱ्या या मंडळींनीं कोणास आंत घेतलें आणि कोणास उंबरठ्यावर उभें ठेविलें?

हिंदुस्थानांत पहिलें लॉज १७३० च्या सुमारास कलकत्त्यास निघालें व मुंबईस १७५८ मध्यें. सभासद म्हणजे कंपनी सरकारचे अंमलदार, पलटणींतील गोरे अधिकारी आणि युरोपियन व्यापारी. अर्काटच्या नवाबाचा पुत्र उम्दत-उल-उमरा यास अठराव्या शतकांतच मद्रास इलाख्यांत दीक्षा मिळाली होती. परंतु तो राजपुत्र होता, आणि राजपुत्रासाठीं पुष्कळ दारें आपोआप उघडतात. साध्या हिंदी गृहस्थाची गोष्ट वेगळी होती. नियमांच्या पुस्तकांत काळा-गोरा असा शब्द नव्हता. तरीही शंभरांहून अधिक वर्षें तें दार हिंदी लोकांना जवळजवळ बंदच राहिलें.

नियम नसतां दार बंद कसें राहिलें, हें समजण्यासाठीं लॉजमधील मतदानाची रीति ठाऊक पाहिजे. नवा उमेदवार सुचविला गेला म्हणजे एक पेटी फिरवितात. प्रत्येक सभासद मूठ झांकून तींत एक गोळी टाकतो : पांढरी म्हणजे मान्य, काळी म्हणजे अमान्य. थोड्याशाच काळ्या गोळ्या निघाल्या तरी उमेदवार बाद होतो. काळी गोळी कोणीं टाकली हें कळत नाहीं, आणि कां टाकली हें कोणी विचारीत नाहीं. एका अर्थीं ही रीति चांगली आहे. भिडेस्तव खोटें मत देण्याची पाळी येत नाहीं. पण जें कारण चारचौघांत तोंडानें सांगावयास लाज वाटेल, त्या कारणासाठीं मनुष्यास बाहेर ठेवण्याची सोयही तींतच आहे. सभेंत बंधुत्वाचीं भाषणें व्हावीं आणि पेटींतून काळी गोळी निघावी, असा प्रकार या पेटीमुळेंच शक्य होतो.

ही पेटी ज्यांच्या आड आली ते मुंबईचे गृहस्थ माणकजी करसेटजी. यांचा जन्म १८०८ चा. भायखळ्याच्या पुलावरून जातां येतां ‘खडा पारशी’ पाहिला नाहीं असा मुंबईकर विरळा. उंच खांबावर उभा असलेला तो पुतळा माणकजींचे वडील शेट करसेटजी माणकजी यांचा असून तो माणकजींनींच उभारविला. सन २०१४ मध्यें त्याची डागडुजी झाली आणि हल्लीं तो उड्डाणपुलांच्या मधोमध उभा आहे. माणकजींस इंग्रजी विद्येची मोठी गोडी. मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत, जी आज टाउन हॉलमध्यें आहे, पूर्वीं युरोपियनांनाच प्रवेश असे. माणकजींचें नांव तेथें प्रथम नाकारलें गेलें. तथापि त्यांनीं नाद सोडला नाहीं आणि १८४० मध्यें ते तिचे पहिले हिंदी सभासद झाले. तेव्हां बंद दाराशीं गांठ पडण्याची त्यांची ही पहिलीच वेळ नव्हती.

फ्रीमेसन व्हावें अशी त्यांची इच्छा मुंबईंत सफळ होईना. पुढें ते युरोपच्या प्रवासास गेले. त्या काळीं पारशी गृहस्थानें विलायतेस जाणें हीच मोठी गोष्ट. इंग्लंडांतही त्यांचें काम झालें नाहीं. शेवटीं पॅरिसमधील एका लॉजनें त्यांना दीक्षा दिली. आतां ते रीतसर फ्रीमेसन झाले. एका देशांत दीक्षा घेतलेल्यानें दुसऱ्या देशांतील लॉजांत बसावें, हा त्या संघाचा सर्वमान्य शिरस्ता. माणकजी दाखला घेऊन मुंबईस परत आले आणि सभासद करून घ्या म्हणाले. उत्तर पुन्हां नकाराचें आलें! मुंबईच्या गोऱ्या बंधूंना पॅरिसचा बंधु बंधु म्हणून चालला नाहीं, कारण तो राहणारा मुंबईचा होता.

येथें प्रकरण संपावयाचें. तें संपलें नाहीं, याचें श्रेय डॉक्टर जेम्स बर्न्स यांना आहे. हे स्कॉटलंडांतील माँट्रोझ गांवचे. कवि रॉबर्ट बर्न्स यांच्या नात्यांतले. १८२१ मध्यें ते आपला धाकटा भाऊ अलेक्झांडर याच्याबरोबर मुंबईस आले. कच्छांत भुजच्या रेसिडेन्सीवर ते शस्त्रवैद्य होते, आणि सिंधच्या अमिरांपैकीं एकास औषधोपचार करण्यासाठीं त्या दरबारींही जाऊन आले होते. हिंदी लोकांशीं त्यांचा संबंध असा प्रथमपासूनच केवळ हुकूम सोडण्याचा नव्हता. १८३६ मध्यें स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजनें त्यांना पश्चिम हिंदुस्थानचा मुख्य नेमलें. पुढें ता. २ नोव्हेंबर १८४१ रोजीं काबूलमध्यें इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, त्यांत अलेक्झांडर बर्न्स व सर्वांत धाकटा भाऊ चार्ल्स या दोघांसही जमावानें ठार मारलें. त्या काळीं मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांत सूडाची भाषा सर्रास चालू होती, आणि इंग्रजी फौजेनें दुसऱ्या वर्षीं काबूलचा मोठा बाजार उडवूनही दिला. ज्याचे दोन भाऊ गेले, त्यानें एतद्देशीयांना दार उघडण्याची भाषा काढावी, ही गोष्ट आम्हांस त्याच्या पदव्यांपेक्षां अधिक मोलाची वाटते.

बर्न्स यांनीं जुन्या लॉजशीं भांडत बसण्यापेक्षां नवेंच काढावयाचें ठरविलें. ता. १५ डिसेंबर १८४३ रोजीं मुंबईंत ‘लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन झालें. पश्चिम हिंदुस्थानचा उगवता तारा असा त्याचा अर्थ. स्कॉटलंडच्या नोंदींतील त्याचा क्रमांक ३४२. हिंदी लोकांना प्रवेश मिळावा हाच त्याच्या स्थापनेचा हेतु होता. यांतही एक बोंच आहे, ती लपवूं नये. जुन्या लॉजचें दार उघडलें नव्हतें. त्याच्या शेजारीं दुसरें दार पाडलें गेलें. तरी पण त्या दारांतून आंत गेलेला पारशी वा मुसलमान गृहस्थ आणि गोरा डॉक्टर एका फरशीवर भाऊ म्हणून उभे राहत, आणि १८४३ च्या मुंबईंत असें दुसरें ठिकाण क्वचितच सांपडलें असतें.

दीक्षेच्या वेळीं शपथ धर्मग्रंथावर हात ठेवून घ्यावयाची असते. इंग्लंडांत तो ग्रंथ बायबल. मग पारशानें काय करावें? ज्या ग्रंथानें शपथ घेणाऱ्याचें मन बांधलें जातें तोच ग्रंथ त्याच्यापुढें ठेवावयाचा, अशी तोड निघाली. म्हणून हिंदुस्थानांतील लॉजांत बायबल, कुराण, अवेस्ता, गीता असे ग्रंथ एकाच चौरंगावर मांडण्याची चाल पडली व ती आजही चालू आहे.

पारशी व मुसलमान एकेश्वरी म्हणून त्यांच्याविषयीं तत्त्वाचा आक्षेप घेतां येईना. हिंदूंविषयीं घेण्यांत आला. अनेक देव मानणारा मनुष्य ‘विश्वाचा महान् स्थपति’ मानतो हें कशावरून, असें कांहीं म्हणत. आणि जातिभेद पाळणारा सर्वांना भाऊ कसें म्हणेल, असेंही विचारीत. दुसरा प्रश्न अगदींच पोकळ नव्हता. परंतु तो विचारणाऱ्यांनीं क्लबांत व आगगाडींत स्वतः काय पाळलें होतें, हेंही विचारणें प्राप्त आहे. बंगालमध्यें प्रसन्नकुमार दत्त नांवाच्या हिंदु गृहस्थानें अर्ज केला, तो कित्येक वर्षें लोंबकळत राहिला, लंडनपर्यंत वाद गेला, आणि शेवटीं १८७२ मध्यें कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजनें त्यांना आंत घेतलें. त्याच लॉजमध्यें १८८४ त नरेंद्रनाथ दत्त नांवाचा एकवीस वर्षांचा तरुण दाखल झाला; पुढें जगानें त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखलें.

आपल्या मराठी वाचकांना या ठिकाणीं दुसऱ्या एका गुप्त मंडळीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. रायझिंग स्टार निघाल्यावर सहा वर्षांनीं, १८४९ मध्यें, त्याच मुंबईंत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदि मंडळींनीं परमहंस सभा स्थापिली. तिच्या बैठकी गुप्त, सभासदांचीं नांवें गुप्त. आंत येणाऱ्यास ख्रिस्ती भटारखान्यांतील पावाचा तुकडा खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावें लागे. आज पावाशिवाय आपली सकाळ होत नाहीं. तेव्हां त्या एका तुकड्यासाठीं मनुष्य जातीबाहेर पडे, बायकोमुलें तुटत, लग्नें मोडत. फ्रीमेसनांच्या पेटींत गुप्ततेच्या आड नकार दडलेला असे. परमहंसांच्या खोलींत तिच्या आड धैर्य, निदान अर्धें धैर्य, दडलेलें होतें. अर्धें म्हणण्याचें कारण, १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटतांच सभा मोडली. तिच्यांतील कांहींजणांनीं पुढें १८६७ मध्यें प्रार्थना समाज काढला, तो मात्र उघड्या दारानें. सहभोजनाचा प्रश्न लॉजांनाही सुटला होता असें नाहीं. मुंबईंत १८६५ सालीं जन्मलेला इंग्रज लेखक रडयार्ड किपलिंग लाहोरच्या लॉजचा सभासद होता. आपल्या लॉजवरील प्रसिद्ध कवितेंत नाना धर्मांच्या भाऊबंदांचें वर्णन करतांना त्यानें असेंही नमूद केलें आहे कीं, कोणाची जात बाटूं नये म्हणून तेथें मेजवान्या होत नसत.

आपल्या गांवच्या कॅथोलिक कुटुंबांपुढें हें दार निराळ्या कारणानें बंद होतें, आणि तें बाहेरच्या बाजूनें. पोप बारावे क्लेमेंट यांनीं १७३८ मध्यें आज्ञापत्र काढून कॅथोलिकांस फ्रीमेसन होण्याची मनाई केली. गुप्ततेची शपथ आणि सर्व पंथांच्या लोकांना एका धर्मभावनेंत गोळा करणें, हे त्यांतील मुख्य आक्षेप होते. ती मनाई उठलेली नाहीं. १९८३ मध्यें व पुन्हां २०२३ मध्यें रोमनें ती तशीच आहे असें सांगितलें. सर्व धर्मांना जागा आहे असें म्हणणारें लॉज, आणि तेवढ्याच कारणासाठीं तेथें जाऊं नको म्हणणारी धर्मसत्ता, असा हा पेंच आहे. वडीलमंडळींनीं मुलांबरोबर त्यावर अवश्य बोलावें.

आणखी एक वर्ग असा होता कीं त्याच्यासाठीं मनाईचें पत्रक काढण्याचीही कोणास गरज पडली नाहीं. प्रवेशाची व वर्षाची वर्गणी, ठराविक पोशाख, इंग्रजींतील लांबलचक विधि, हें सर्व पाहतां खरोखरीचा गवंडी त्या दारांतून आंत कसा जाणार? गुण्या, ओळंबा आणि थापी यांचा एवढा सन्मान दुसऱ्या कोठें होत नसेल. पण मरोळच्या एखाद्या पाथरवटानें तीं हत्यारें खांद्यावर टाकून कोटांतील लॉजचें दार ठोठावलें असतें, तर त्यास बहुधा पायरी दुरुस्त करण्यासाठींच बोलाविलेलें समजले असते.

रायझिंग स्टारची पुढची वाटचाल थोडक्यांत सांगतां येईल. १८५४ मध्यें खरशेदजी रुस्तमजी कामा हे त्यांत दाखल झाले. पारशी धर्मग्रंथांचे हे थोर पंडित. त्यांच्या नांवाची प्राच्यविद्या संस्था मुंबईंत आजही आहे. फ्रीमेसन म्हणून त्यांना पन्नास वर्षें झाल्याच्या निमित्तानें १९०७ मध्यें डॉक्टर जीवनजी जमशेदजी मोदी यांनीं लेखांचा एक ग्रंथच प्रसिद्ध केला. १९१२ मध्यें डी. एफ. वाडिया यांनीं रायझिंग स्टारचा इतिहास लिहिला. मुंबईच्या लॉजांसाठीं कोटांत फ्रीमेसन हॉल बांधला गेला तो १८९७ मध्यें. इमारत अद्याप वापरांत आहे. देश स्वतंत्र झाल्यावर ता. २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं दिल्लीस हिंदुस्थानचें स्वतःचें ग्रँड लॉज स्थापन झालें, आणि रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान त्याचे पहिले प्रमुख झाले. ज्यांच्या आजे-पणज्यांना आंत येऊं द्यावें कीं नाहीं याचा वाद पडे, ते आतां दाराचे धनी झाले.

तरीही अर्धें जग बाहेरच आहे. अँडर्सनच्या नियमांप्रमाणें स्त्रियांना लॉजमध्यें प्रवेश नाहीं, आणि या ग्रँड लॉजच्या लॉजांत तो नियम आजही पाळला जातो. स्त्रीपुरुषांचीं मिश्र लॉजें वेगळीं आहेत. डॉक्टर ॲनी बेझंट १९०२ मध्यें त्या शाखेंत गेल्या व तिचा प्रसार त्यांनीं हिंदुस्थानांत केला. माणकजींनीं लॉजचा हा नियम बदलण्याची खटपट केली नाहीं. पण मुलींविषयीं त्यांचें स्वतःचें मत काय होतें, तें दुसरीकडे दिसून येतें. आपल्या मुलींना त्यांनीं घरींच इंग्रजी शिक्षण दिलें व त्यांना चारचौघांत मोकळेपणें वावरूं दिलें, त्याबद्दल स्वजातींत टीकाही सोसली. पुढें १८६३ मध्यें त्यांनीं मुंबईंत हिंदी मुलींसाठीं इंग्रजी शाळा काढली. त्याच वर्षीं युवराजाशीं विवाह झालेल्या राजकन्या अलेक्झांड्रा यांचें नांव तिला दिलें. कोणत्याही जातीच्या मुलीला तेथें प्रवेश होता.

ती शाळा अद्याप चालू आहे. मरोळ नाक्यावरून भुयारी रेल्वेनें निघून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलें, कीं फ्रीमेसन हॉल आणि अलेक्झांड्रा शाळा हीं दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. हॉलचें दार बहुधा बंद आढळेल. शाळेचें दार सकाळीं उघडें असतें.